टीएसएच थोडा वाढलाय, गोळी घ्यायची का?

सवलतीत मिळणारं रक्ततपासणीचं पॅकेज केलेलं असतं. साखर ठीक, कोलेस्टेरॉल ठीक, हिमोग्लोबिन जरा कमी. आणि मग टीएसएच या नावापुढे ठळक अक्षरांत ६.२. शेजारी सामान्य मर्यादा छापलेली असते, ०.४ ते ४.२ अशी काहीतरी, आणि आकड्याला चिकटून वर तोंड केलेला बाण. पुढचे प्रश्न ठरलेले आहेत. मला थायरॉइड निघाला का? गोळी सुरू करायची का? आणि एकदा सुरू केली की ती जन्मभर घ्यावी लागते, हे खरं का? शेजारच्या काकू घेतात, ऑफिसातल्या दोघी घेतात, थोरल्या जाऊबाई तर कित्येक वर्षं घेतायत. रिपोर्ट घेऊन माणूस दवाखान्यात पोचतो तेव्हा निम्मा निर्णय त्याने घरीच घेतलेला असतो.

या प्रकरणात एवढंच मांडायचं आहे: टीएसएच ही वैद्यकातल्या उत्तम तपासण्यांपैकी एक आहे, आणि ती इतकी तल्लख आहे म्हणूनच तिचा थोडासा वाढलेला आकडा बघून आजार ठरवण्याची घाई करू नये. विधान वरवर उफराटं वाटेल. ते तपासायचं तर हा आकडा नेमकं काय मोजतो, तो मोजण्याची युक्ती कुणाला सुचली, ‘सामान्य’ ठरवणारी रेषा कुठून आली आणि प्रत्यक्ष गोळी देऊन पाहिल्यावर काय घडलं, हे क्रमाने बघावं लागेल.

१. मुकादमाचा आवाज

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या जरा खाली, श्वासनलिकेला बिलगून थायरॉइड ग्रंथी असते. वजन जेमतेम वीस ग्रॅमच्या आसपास. अन्नातून येणारं आयोडीन ओढून घेऊन ती दोन संप्रेरकं, म्हणजे हार्मोन, तयार करते: टी-४ आणि टी-३. नावातले आकडे त्या रेणूतल्या आयोडीनच्या अणूंची संख्या सांगतात. ग्रंथीतून मुख्यतः टी-४ बाहेर पडतं. शरीरातल्या पेशी त्यातला एक अणू काढून त्याचं टी-३ करतात आणि खरं काम टी-३ करतं. हृदयाचे ठोके, शरीराची ऊब, आतड्यांची हालचाल, त्वचेचा मऊपणा, लहान मुलांच्या मेंदूची वाढ, या सगळ्याचा वेग या दोघांवर अवलंबून असतो. थायरॉइडची म्हणून जी गोळी मिळते, तिच्यात टी-४च असतं.

मग टीएसएच कुठून आलं? ते थायरॉइडमध्ये बनतच नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी आहे, ती टीएसएच रक्तात सोडते, आणि थायरॉइडने किती काम करायचं हे त्यावरून ठरतं. बांधकामावरच्या मुकादमाची कल्पना करा. मजुरांचं काम नीट चालू असेल तर मुकादम हळू आवाजात बोलतो. काम मागे पडू लागलं की आवाज चढतो, काम गरजेपेक्षा जास्त होऊ लागलं की तो गप्प होतो. टीएसएच म्हणजे या मुकादमाच्या आवाजाची पट्टी. आपण मजुराचं काम थेट मोजत नाही. मुकादम किती जोरात ओरडतोय हे ऐकून कामाचा अंदाज बांधतो.

असं आडवळणाने का मोजायचं? टी-४ सरळ मोजता येत नाही का? येतं, पण या मुकादमाचे कान फार तिखट आहेत. ढोबळमानाने सांगायचं तर रक्तातलं मोकळं टी-४ निम्म्यावर आलं तर टीएसएच सुमारे शंभरपट वाढतं. उलट हिशोब करून पाहू. एखाद्या बाईचा टीएसएच २ होता, तो ६ झाला, म्हणजे तिप्पट. एवढ्यासाठी टी-४ किती घटायला हवं? याच नियमाने गणित मांडलं तर दहा-पंधरा टक्के. या घटीनंतरही टी-४चा आकडा त्याच्या स्वतःच्या सामान्य मर्यादेत आरामात बसू शकतो. टी-४ सामान्य, टीएसएच मात्र थोडा वर, या अवस्थेला ‘सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम’ म्हणतात. या प्रकरणातला सगळा वाद याच अवस्थेचा आहे. टी-४ खरोखरच खाली गेलेलं असेल आणि टीएसएच तीस, पन्नास, शंभर असेल, तर वाद नाही. तिथे गोळी हवीच.

एक अपवाद आताच नोंदवून ठेवू. मुकादमच आजारी असेल, म्हणजे पियूषिका ग्रंथीत गाठ किंवा इजा असेल, तर काम थंडावूनही आवाज चढत नाही. टीएसएच निर्दोष दिसतो आणि रोगी मात्र खरोखर आजारी असतो. हे क्वचित घडतं. पण डॉक्टर कधी कधी टीएसएचच्या जोडीला मोकळं टी-४ का तपासायला सांगतात, त्याचं एक कारण हे आहे.

२. मेंढ्यांच्या ग्रंथी आणि एक बाई

थायरॉइडच्या गोळीला मिळालेली प्रतिष्ठा फुकटची नाही. एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडच्या बर्न शहरातले शल्यविशारद थिओडोर कोखर गलगंडाच्या शस्त्रक्रिया इतक्या सफाईने करत की रोगी क्वचितच दगावत. पण ज्यांची संपूर्ण ग्रंथी त्यांनी काढली होती त्यांतले बरेच रोगी पुढे सुजलेले, मंद, गारठलेले, विसरभोळे होऊन परतले. १८८३ मध्ये कोखर यांनी हे स्वतःच जाहीर केलं आणि संपूर्ण ग्रंथी काढणं थांबवलं. त्यांना १९०९ चं नोबेल मिळालं. ग्रंथी गेली की माणूस विझत जातो, हे त्या अप्रिय निरीक्षणातून पक्कं झालं.

मग १८९१ मध्ये इंग्लंडातल्या न्यूकॅसलचे तरुण डॉक्टर जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून ४६ वर्षांच्या एका बाईला टोचायला सुरुवात केली. तिची अवस्था कोखर यांच्या रोग्यांसारखीच होती. काही महिन्यांत सूज उतरली, बोलणं स्पष्ट झालं, ती कामाला लागली. त्यानंतर ती आणखी २८ वर्षं जगली आणि या काळात तिने ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथींचा अर्क संपवला. लवकरच कळलं की टोचायचीही गरज नाही, ग्रंथी पोटात घेतली तरी चालते. तेव्हाच्या एका डॉक्टरांनी ती हलकी तळून जेलीबरोबर खाण्याचा पथ्यवजा सल्ला दिल्याची नोंद आहे. पुढे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी शुद्ध स्फटिक वेगळे केले. लंडनमध्ये चार्ल्स हॅरिंग्टन यांनी १९२६ मध्ये त्यांची रचना उलगडली आणि पुढच्या वर्षी जॉर्ज बार्जर यांच्याबरोबर ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं.

हे सगळे रोगी खरोखर आजारी होते हे इथे ध्यानात घ्यायला हवं. त्यांचं निदान चेहऱ्यावरून होत होतं, रिपोर्टवरून नव्हे. रिपोर्ट तेव्हा अस्तित्वातच नव्हता. गोळीची कीर्ती या रोग्यांवर उभी आहे, आणि आज ती ज्यांना दिली जाते त्यांतले पुष्कळ लोक अगदी वेगळ्या गटातले आहेत.

३. अणूंनी संप्रेरक मोजणारी जोडी

संप्रेरकं रक्तात इतकी तुटपुंजी असतात की १९५० पर्यंत ती मोजायची म्हणजे रक्त एखाद्या प्राण्याला टोचून परिणाम बघणं, हाच मार्ग बहुतेकांसाठी होता. ही कोंडी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात फुटली. रोझलिन यॅलो भौतिकशास्त्रज्ञ, सॉलोमन बर्सन डॉक्टर. मधुमेह्यांना टोचलेलं इन्सुलिन रक्तात अपेक्षेपेक्षा जास्त वेळ का रेंगाळतं, हे ते किरणोत्सारी आयोडीन लावलेलं इन्सुलिन वापरून शोधत होते. उत्तर मिळालं: रोग्याचं शरीर त्या परक्या इन्सुलिनविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करतं आणि इन्सुलिन त्यांना चिकटून बसतं. इतक्या लहान प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं बनूच शकत नाहीत असं तेव्हाचं शास्त्र सांगत होतं. एका नियतकालिकाने लेख नाकारला, दुसऱ्याने १९५६ मध्ये छापला, पण शीर्षकातला ‘अँटिबॉडी’ हा शब्द काढायला लावून. यॅलो यांनी ते नकाराचं पत्र जपून ठेवलं आणि दोन दशकांनी नोबेल व्याख्यानात जगाला दाखवलं. या करारीपणाला दाद द्यावीशी वाटते.

त्या शोधात मोजण्याची युक्ती दडलेली होती. एका नळीत ठरावीक, अपुरी प्रतिपिंडं घ्या. त्यात किरणोत्सारी खूण केलेलं संप्रेरक ठरावीक प्रमाणात घाला आणि मग रोग्याच्या रक्ताचा नमुना मिसळा. खुणेचं आणि बिनखुणेचं संप्रेरक एकाच प्रतिपिंडाला चिकटण्यासाठी झगडतात. रोग्याच्या रक्तात संप्रेरक जितकं जास्त, तितकं खुणेचं संप्रेरक बाजूला ढकललं जातं. शेवटी किती किरणोत्सार चिकटून राहिला ते मोजलं की उत्तर हातात. १९६० पर्यंत ही पद्धत तयार झाली. तिचं पेटंट दोघांनी घेतलं नाही, त्यामुळे ती जगभर पसरली. बर्सन १९७२ मध्ये वारले; १९७७ चं नोबेल यॅलो यांना मिळालं. त्याच वर्षीच्या पुरस्काराचा दुसरा भाग रॉजर गिलमँ आणि अँड्र्यू शॅली यांना मिळाला. लाखो मेंढ्यांच्या आणि डुकरांच्या मेंदूंचे तुकडे गाळून त्यांनी पियूषिकेला टीएसएच सोडायला सांगणारं संप्रेरक हुडकलं होतं. मुकादमाच्याही वर एक साहेब असतो, एवढं आपल्यापुरतं पुरे.

टीएसएच या पद्धतीने १९६० च्या दशकात मोजता येऊ लागलं, पण ती पहिली तपासणी ओबडधोबड होती. एक एककाच्या खालचं तिला दिसत नसे. पुढे दोन प्रतिपिंडांच्या मध्ये संप्रेरक पकडणारी पद्धत आली आणि ही सीमा ०.१ वर, मग ०.०१ वर गेली. म्हणजे एका पिढीच्या आत तपासणीची नजर शंभरपट तीक्ष्ण झाली. जास्त काम करणारी थायरॉइड ओळखणं त्यामुळे सोपं झालं, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर गोळीची मात्रा बारकाईने ठरवता येऊ लागली. त्याचबरोबर तपासणी यंत्रावर चढली, स्वस्त झाली, आणि तक्रार नसलेल्यांच्याही पॅकेजमध्ये जाऊन बसली. इथून प्रश्नाचं स्वरूप पालटलं. आधी रोगी आकडा शोधत होता, आता आकडा रोगी शोधू लागला.

४. रेषा कुठे मारायची?

रिपोर्टवरची ‘सामान्य मर्यादा’ ही निसर्गाने आखलेली नाही. ती काढण्याची रीत अशी: थायरॉइडचा आजार नसलेली पुष्कळ माणसं घ्या, त्यांचा टीएसएच मोजा, सगळे आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधले ९५ टक्के ‘सामान्य’ म्हणा. वरचे अडीच टक्के आणि खालचे अडीच टक्के रेषेबाहेर. या व्याख्येनुसार एक हजार ठणठणीत माणसं तपासली तर त्यांतली २५ माणसं वरच्या रेषेपलीकडे असणारच. ती आजारी निघाली म्हणून बाहेर गेली असं नाही, रेषाच तशी मारली आहे. आता पॅकेजचा विचार करा. त्यात एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या आहेत असं धरू. प्रत्येक चाचणीत निरोगी माणूस मर्यादेत बसण्याची शक्यता ९५ टक्के. वीसही चाचण्यांत बसण्याची शक्यता ०.९५ ला स्वतःनेच वीस वेळा गुणून येते: सुमारे ३६ टक्के. म्हणजे ठणठणीत माणसालाही किमान एक बाण मिळण्याची शक्यता ६४ टक्के. बाण नसलेला रिपोर्ट हीच खरं तर नवलाची गोष्ट.

शिवाय एकच रेषा सगळ्यांना लावायची का, हाही प्रश्न आहे. अमेरिकेत १९८८ ते १९९४ या काळात झालेल्या मोठ्या आरोग्य पाहणीतून थायरॉइडचा आजार किंवा थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं नसलेल्यांचे आकडे वेगळे काढले गेले. विशीतल्या लोकांची वरची मर्यादा ३.५६ निघाली, ऐंशी ओलांडलेल्यांची ७.४९. वय वाढतं तसा मुकादमाचा आवाज आपसूक चढतो, आणि त्या वयात तो सामान्यच असतो. पण बहुतेक रिपोर्टवर पंचविशीच्या नातीला आणि ऐंशीच्या आजीला एकच मर्यादा छापून येते. आजीचा टीएसएच ६.८ आला की बाण उमटतो, आणि वयामुळे येणारा थकवा थायरॉइडच्या खात्यावर जमा होतो.

आपल्याकडचा एक आकडा वारंवार ऐकू येतो: दहातल्या एका भारतीयाला थायरॉइडची कमतरता आहे. तो बहुधा मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांतल्या ५,३७६ प्रौढांच्या अभ्यासातून येतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कमतरतेचं प्रमाण १०.९५ टक्के निघालं. पण आत डोकावलं तर त्यातले ७.४८ टक्के ‘मला थायरॉइड आहे’ असं आधीच सांगणारे होते. नव्याने सापडलेले ३.४७ टक्के. सबक्लिनिकल अवस्थेतले ८.०२ टक्के याहून वेगळे मोजले होते. अभ्यासात खोट काढायची नाही. पण आधीच सांगणाऱ्यांपैकी किती जणांची गोळी पन्नासच्या टीएसएचवर सुरू झाली आणि किती जणांची सहावर, हे या आकड्यातून कळू शकत नाही. ‘दहात एक’ हे विधान म्हणूनच जरा जपून वापरायला हवं.

५. दुसऱ्यांदा मोजल्यावर

टीएसएच दिवसभर एकसारखा नसतो. तो मध्यरात्रीनंतर शिखराला जातो आणि दुपारी खाली येतो. सकाळी लवकर घेतलेल्या आणि दुपारी घेतलेल्या रक्तात निरोगी माणसाचाही आकडा ठळक वेगळा येऊ शकतो. मोठ्या आजारपणातून उठताना तो तात्पुरता चढतो. लठ्ठपणातही तो किंचित वर असतो, आणि वजन उतरलं की पुष्कळदा खाली येतो. म्हणून ‘थायरॉइडमुळे वजन वाढलं’ असं जेव्हा म्हटलं जातं, तेव्हा कारण आणि परिणाम उलटे असण्याची शक्यता निदान विचारात घ्यावी. डेन्मार्कमध्ये सोळा निरोगी पुरुषांची वर्षभर दर महिन्याला तपासणी केली, तेव्हा प्रत्येकाचे आकडे स्वतःच्या अरुंद पट्ट्यात फिरताना दिसले. हा पट्टा समाजाच्या मर्यादेच्या साधारण निम्मा होता. म्हणजे प्रत्येकाच्या मुकादमाचा नेहमीचा आवाज वेगळा. एखाद्यासाठी ४ हा चढलेला आवाज असेल, दुसऱ्याचा तो रोजचा सूर असेल. एका रिपोर्टवरून हे सांगता येत नाही.

याचा ठोस पुरावा इस्रायलमधून आला. तिथल्या एका मोठ्या आरोग्यसेवेने थायरॉइडचा आजार नसलेल्या चार लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी पाच वर्षं तपासल्या. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ज्यांचा पहिला टीएसएच ५.५ ते १० च्या दरम्यान होता, त्यांतल्या सुमारे ६२ टक्के लोकांचा आकडा नंतरच्या तपासणीत आपोआप मर्यादेत आला होता. गोळी न घेता. पहिल्या रिपोर्टनंतर लगेच त्यांना गोळी दिली असती तर काय झालं असतं? टीएसएच खाली आला असता, श्रेय गोळीला गेलं असतं, आणि ‘जन्मभर’ सुरू झालं असतं. दोन-तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच वेळी आणि त्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त देणं हा कंटाळवाणा सल्ला वाटतो. पण थोड्या वाढीच्या बाबतीत याहून किफायतशीर औषध नाही.

आणखी एक गोष्ट आजकाल सांगावीच लागते, कारण केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणारे घरोघरी आहेत. दिवसाची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम; केसांच्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे शेकडो पट. आणि अनेक यंत्रांमधल्या तपासणीत प्रतिपिंडं पकडून ठेवायला बायोटिनचाच वापर होतो. रक्तात जादा बायोटिन असलं की तपासणी फसते: टीएसएच खोटाच कमी आणि टी-४ खोटंच जास्त दिसू शकतं. थायरॉइड जास्त काम करते आहे असं चित्र उभं राहतं, आणि ग्रंथी बिचारी नेहमीसारखी असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर सावधगिरीची सूचना दिली. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ही गोळी बंद ठेवायची, आणि घेत असल्याचं लॅबला आणि डॉक्टरांना सांगायचं. एवढ्यात काम भागतं.

६. गोळीची परीक्षा

आता मूळ प्रश्न. दोनदा तपासलं, टीएसएच ६ ते ७ च्या घरातच आहे, टी-४ सामान्य आहे. गोळीने बरं वाटेल का? याचं उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही. परीक्षा झालेली आहे. स्कॉटलंड, आयर्लंड, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमधल्या ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांवर ‘ट्रस्ट’ नावाची चाचणी झाली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सगळ्यांचा टीएसएच वाढलेला, सरासरी ६.४, टी-४ सामान्य. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला काय मिळतंय हे रोग्याला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. आणि एक सुंदर बारकावा: खऱ्या गोळीची मात्रा टीएसएच बघून मधूनमधून बदलावी लागते, तर बनावट गोळीच्या गटातही मात्रा बदलल्याचं नाटक केलं गेलं, म्हणजे त्यावरूनही कुणी ओळखू नये.

वर्षभराने खऱ्या गोळीच्या गटाचा सरासरी टीएसएच ३.६३ झाला. म्हणजे गोळीने आपलं रासायनिक काम चोख केलं. बनावट गटाचाही ६.४ वरून ५.४८ वर आला, काहीच न करता. आणि थकवा? थायरॉइडच्या तक्रारी? दोन्ही गटांत फरक नाही. आकडा सुधारला, माणूस होता तसाच राहिला. पुढच्या वर्षी अशा २१ चाचण्यांचे, एकूण २,१९२ प्रौढांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले, तेव्हाही जीवनमानात आणि तक्रारींत फायदा दिसला नाही. २०१९ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने अशा प्रौढांना थायरॉइडची गोळी देऊ नये अशी ठाम शिफारस केली. गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या स्त्रिया आणि २० च्या वर टीएसएच असलेले रोगी तिच्यातून वगळले होते.

यावर पहिला आक्षेप घरातूनच येतो: ‘पण मला तर गोळीने बरं वाटलं.’ वाटलं असेलच, ते खोटं नाही. पण माणूस रक्त तपासायला जातो तो तक्रारी सर्वांत जास्त असतात तेव्हा, आणि तक्रारींचा स्वभाव चढ-उताराचा असल्याने पुढचे महिने आपोआप बरे जातात. त्यात थकव्याला एक नाव मिळालं की अर्धं ओझं उतरतं. गोळीचा वाटा यापासून वेगळा काढायचा तर बनावट गोळीचा गट लागतो. एका माणसाच्या अनुभवातून तो वेगळा निघत नाही. दुसरा आक्षेप अभ्यासू आहे: ट्रस्टमधल्या लोकांना मुळात तक्रारीच कमी होत्या, मग सुधारणा कशी दिसणार? आक्षेप रास्त होता. म्हणून त्याच चाचणीतल्या जास्त तक्रारी असलेल्यांचा वेगळा हिशोब करून तो २०२० मध्ये मांडला गेला. त्यांच्यातही गोळीचा फायदा आढळला नाही. तिसरा आक्षेप असा की लवकर उपचार केला तर पुढचा मोठा आजार टळेल. इथे इंग्लंडातल्या व्हिकम गावपरिसराची वीस वर्षांची पाहणी कामाची आहे. टीएसएच वाढलेला आणि शिवाय थायरॉइडविरुद्ध प्रतिपिंडं असलेल्या बायकांमध्ये वर्षाला ४.३ टक्के जणींना खरी कमतरता झाली. नुसता टीएसएच वाढलेल्यांमध्ये २.६ टक्के. म्हणजे धोका आहे, पण तो सावकाश येतो आणि वर्षातून एकदा तपासत राहिलं तर वाटेत गाठता येतो. गोळी ग्रंथीला वाचवत नाही, ती फक्त तिची उणीव भरते. उणीव पडली की भरायला सुरुवात केली तरी उशीर होत नाही.

‘पण गोळी घेतल्याने नुकसान काय?’ हा चौथा आक्षेप, आणि व्यवहारात तोच सर्वांत प्रभावी. मात्रा नेमकी असेल तर नुकसान थोडं. पण मात्रा जास्त झाली की टीएसएच दबतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासात साठी ओलांडलेल्या ज्यांचा टीएसएच ०.१ किंवा त्याखाली होता, त्यांच्यात पुढच्या दहा वर्षांत हृदयाचे ठोके बेताल होण्याचा एक विकार सुमारे तिप्पट आढळला. रजोनिवृत्तीनंतर अशा बायकांची हाडंही झिजतात. आणि एक नुकसान रिपोर्टात दिसत नाही: थकव्याचं कारण सापडलं असं मानून शोध थांबतो. हिमोग्लोबिन कमी आहे, झोप पाच तासांची आहे, मन खचलेलं आहे, घोरण्यामुळे रात्री श्वास अडतो आहे, ही सगळी कारणं त्या एका बाणामागे झाकली जातात.

७. जिथे वाट पाहायची नाही

गरोदरपणाचा हिशोब निराळा आहे. पहिल्या काही महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते. त्याच्या मेंदूला लागणारं टी-४ आईकडून येतं. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गरोदरपणी थायरॉइडची कमतरता असून उपचार न मिळालेल्या आयांच्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी सात गुणांनी कमी आढळला. सौम्य वाढीवर गोळी दिल्याने मुलांच्या बुद्ध्यांकात फरक पडतो असं पुढच्या मोठ्या चाचणीत, २०१७ मध्ये, दिसलं नाही. पण तिथे उपचार सुरू व्हायलाच चौथा-पाचवा महिना उजाडला होता, त्यामुळे प्रश्न मिटला असं म्हणता येत नाही. शिवाय गरोदरपणातलं एक संप्रेरक टीएसएचसारखंच वागून थायरॉइडला चाळवतं, मुकादमाला ओरडावं लागत नाही, आणि पहिल्या तिमाहीत टीएसएच स्वाभाविकच खाली येतो. त्यामुळे इथली मर्यादाही वेगळी. मूल हवं असणाऱ्या किंवा गरोदर बाईने ‘थोडासाच वाढलाय’ म्हणून महिनाभर थांबणं योग्य नाही. तिने लगेच डॉक्टरांना भेटावं. नवजात बाळाच्या बाबतीत तर दिवसांची घाई असते, कारण तिथे उशीर झाला की मेंदूचं नुकसान भरून निघत नाही.

टीएसएच सातत्याने १० च्या वर असेल, तर बहुतेक तज्ज्ञ गोळीच्या बाजूने झुकतात, विशेषतः वय कमी असेल तर. ट्रस्टमध्ये असे लोक थोडे होते, त्यामुळे त्या चाचणीच्या बळावर त्यांना गोळी नाकारणं चूक ठरेल.

आणि ज्यांची गोळी आधीच सुरू आहे त्यांचं काय? हे प्रकरण वाचून ती स्वतःहून बंद करू नये. ग्रंथी शस्त्रक्रियेने काढलेली असेल किंवा किरणोत्सारी आयोडीनने निकामी केलेली असेल, तर गोळी हाच आधार आहे. इतरांच्या बाबतीत मात्र डॉक्टरांना विचारण्यासारखं पुष्कळ आहे. गोळी उपाशीपोटी घेतली जाते का, की चहाबरोबर? कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास दूर आहे का? मात्रा बदलल्यावर पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी होते का? टी-४ शरीरातून निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात, म्हणून नवी पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात आणि त्यानंतरच मुकादमाचा खरा आवाज ऐकू येतो. पंधराव्या दिवशी रक्त देण्यात पैसे वाया जातात. आणि डॉक्टरांकडे जाताना जुन्या फायलीतून गोळी सुरू होण्याआधीचा रिपोर्ट शोधून बरोबर न्यावा. तेव्हाचा टीएसएच ४५ होता की ५.८, तो एकदाच तपासला होता की दोनदा, प्रतिपिंडं पाहिली होती की नाही, यावर पुढचं बोलणं ठरतं.